चौदा हजार शेरे आणि एक मूठ

तीर्थस्वरूप ताईस,

नदीकाठच्या चौकीतून धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघा पूर्ण वाकत नाही, तेव्हा जेवढा पोचेल तेवढा घे, उरलेला भेटीत घालीन.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असं तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तू कळवलं नाहीस, ते असो. आता दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत असेल तर हे पत्र पूर्ण वाच. मधली पानं सोडून शेवटाकडे उडी मारायची तुझी जुनी खोड आहे. शाळेत मुलांना ओरडायचीस आणि घरी स्वतः तेच करायचीस. भावजींची साखर काय म्हणते? त्यांना सांग, चहात घातली नाही आणि डब्यातून चिमटीनं खाल्ली तरी ती साखरच असते. आमचं इकडे बरं आहे. नदी आहे, मी आहे, आणि आमचे हे पंपघरात आहेत. पंप बंद असला की घरात असतात, आणि पंप बरेचदा बंद असतो.

आता मुद्द्याचं. बाबांचे शेरे गेले. सगळे. माझ्याच हातून. उभी असशील तर बस, म्हणजे सविस्तर सांगते.

तुला माहीत आहे तरी पुन्हा लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. बाबांनी एकेचाळीस वर्षं रोज सकाळी त्या सत्तावीस पायऱ्या उतरून पाण्यातली मोजपट्टी वाचली आणि वर येऊन वहीत एक ओळ लिहिली. तारीख, वेळ, पाणी किती, आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात कचेरीला हवं असायचं 'गढूळ' किंवा 'स्वच्छ'. बाबा तिथं मनात येईल ते लिहायचे. 'धुकं. पट्टी दिसली नाही. कालचाच आकडा टाकला आहे, क्षमा असावी.' 'म्हैस पाण्यात बसली आहे. पाणी एक बोट जास्त दिसतं, ते तिचं.' 'थोरलीचा निकाल लागला. पाणी नितळ.' 'धाकटी कालपासून बोलत नाही. पाणी शांत.' (म्हणजे पाण्याचं माझ्यापेक्षा बरं चाललं होतं.) मग बाबा गेले, पट्टी माझ्याकडे आली, आणि कचेरीनं ते धूड पाठवलं, कॉम्प्युटर, की जुन्या वह्या यात भरा. दोन हिवाळे तू इथं येऊन राहिलीस. तू वाचायचीस, मी एका बोटानं टायपायची. चौदा हजार नऊशे पंच्याहत्तर ओळी. मग कचेरीचा ट्रक येऊन वह्या घेऊन गेला आणि त्यांनी त्या तळघरात ठेवल्या, आणि त्या तळघरात पाणी शिरलं. नदीच्या पाण्यावर आयुष्यभर नजर ठेवणारी कचेरी, आणि स्वतःच्या जिन्याखाली पाणी आलंय हे त्यांना आठ दिवसांनी कळलं. तेव्हा वह्यांचा लगदा झाला आणि राहिली फक्त माझी फाईल. जगात एकच. हे नीट लक्षात ठेव.

तर गेल्या महिन्यात परिपत्रक आलं. सगळ्या चौक्यांनी जुन्या नोंदी एका साच्यात बसवून पाठवाव्यात. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वेळ, मग पाणी, आणि बाकी काही नको. 'शेरे वगळावेत' असं खाली ठळक लिहिलेलं. मला राग आला नाही. कचेरीचं एक बरं असतं, ती मनाला लावून घेण्याइतकी जवळची नसते. पण बाबांची तारीख लिहायची तऱ्हा तुला ठाऊक आहे. कधी आकड्यात, कधी अक्षरात, आणि कधी नुसतं 'परवाचं आज लिहितो'. मी हातानं दुरुस्त करायला बसले. दिवसाला चाळीस ओळी व्हायच्या. ह्यांनी पंपघराच्या भिंतीवर खडूनं हिशेब केला आणि म्हणाले, एक वर्ष आणि नऊ दिवस लागतील, रविवारी सुट्टी घेतली नाहीस तर. मी म्हटलं, मदत करायला या म्हटलं की तुम्हाला गणित येतं.

मग शिंकरे साहेब आले. (त्यांचं आडनाव वेगळं आहे, पण ते आल्याआल्या सहा शिंका देतात, म्हणून आमच्यात हेच.) कचेरीचे इंजिनियर, माझ्याच वयाचे, स्वभावानं गरीब, नाक कायम लाल. त्यांनी माझं चाळीस ओळींचं काम बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते सर्दीचं होतं की माझ्यासाठी, कळायला मार्ग नाही. म्हणाले, बाई, तुम्ही ज्यात टायपता ना, त्या एडिटरला स्वतःची एक भाषा आहे. एकेक ओळ तुम्ही हातानं का दुरुस्त करता? काय करायचं ते एका कागदावर एकदा लिहून त्याला द्या, तो सगळ्या ओळींवर फिरेल. त्याला ते स्क्रिप्ट म्हणतात. मी हुकूमनामा म्हणते.

ताई, मी चौथीतून उठले. तू पुढं शिकलीस, मी चुलीपाशी बसले, त्याचं आता काही नाही. पण खरं सांगते, उभ्या जन्मात मला कुठली भाषा पहिल्या दिवशी आली असेल तर ही. साहेबांनी पाठकोऱ्या कागदावर दहा हुकूम लिहून दिले, इंग्रजी अक्षरांत, आणि समोर मराठीत अर्थ. जा. शोध. काप. चिकटव. बदल. खाली उतर. हेच पुन्हा कर. संपेपर्यंत कर. झालं, एवढीच भाषा. मी कागद वाचला आणि म्हटलं, अहो, ही तर मी तीस वर्षं घरात बोलतेय! तिच्यात 'जरा बघता का' नाही, 'तुम्हाला वेळ असेल तर' नाही, आणि ज्याला सांगायचं तो 'कशाला' असं विचारत नाही. घरात मी 'जा, शोध' म्हटलं की हे दाराशी जाऊन विचारतात, 'काय शोधू?' तो एडिटर जातो आणि शोधतो. नाही सापडलं तर 'नाही सापडलं' म्हणतो, 'तूच कुठं तरी ठेवलं असशील' असं म्हणत नाही. मी ह्यांना बोलावून दाखवलं. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'बरा आहे बिचारा.'

पहिला हुकूमनामा मी तारखांचा केला. कसा चालला ते तू बघायला हवं होतंस. सकाळचे नऊ वाजले असतील, नदीवर अजून धुकं होतं, खिडकीतून पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि इकडे पडद्यावर बाबांचे दिवस एकामागून एक वर सरकायला लागले. पुलावर उभं राहून खाली बघत राहिलं की थोड्या वेळानं पाणी थांबतं आणि पूल चालायला लागतो, लहानपणी आपण तासन्‌तास करायचो तसं, तेच झालं. ओळी जागच्या जागी राहिल्या आणि चौकीच निघाली. टेबल, स्टूल, भिंतीवरची छत्री, मी, सगळं उलटं, मागं मागं, वर्षांतून वर्षांत. कुठल्या तरी ओळीत मी सात वर्षांची असणार असं वाटून गेलं. भानावर आले तेव्हा चहा गार झाला होता आणि फाईल संपायचं नाव घेत नव्हती, कारण 'संपेपर्यंत कर' हे मी लिहायला विसरले होते. ओळी कधीच्या संपलेल्या, तरी तो बिचारा रिकाम्यावरच रिकाम्या ओळी घालत पुढं चाललेला, एकेचाळीस वर्षं ओलांडून कुठल्या कुठं, पुढच्या शतकात. मी ओरडले, पुरे! त्याला ऐकू येत नाही. मग वायर उपटली आणि 'संपेपर्यंत' घालून सगळं पहिल्यापासून केलं. (साहेब म्हणाले, वायर उपटायची नसते, थांबवायचा हुकूम असतो. तो दहांत नव्हता. तेव्हाच मी शहाणी व्हायला हवी होती, की या माणसाच्या कागदावर जे नसतं तेच महत्त्वाचं असतं.)

दुसरा हुकूमनामा साहेबांनी स्वतः सांगितला. म्हणाले, रिकाम्या ओळी म्हणजे कचरा, आधी त्या झाडून काढा. काढल्या. चौदा हजार नऊशे चौसष्ट राहिल्या, अकरा कमी. आणि ताई, अकरा म्हटल्याबरोबर मी ओळखलं. त्या अकरा ओळी बाबांनी रिकाम्याच सोडल्या होत्या. मोठ्या पुरात पट्टीच बुडाली तेव्हाच्या चार. बाकीच्या सात आई गेली त्या आठवड्याच्या. त्या आठवड्यात बाबा पायऱ्या उतरले होते, मी बघितलंय, उतरायचे आणि खालच्या पायरीवर बसायचे. वर येऊन वही उघडायचे आणि एक ओळ मोकळी सोडून मिटायचे. मी हातानं अकराच्या अकरा परत घातल्या, ज्या त्या जागी, आणि साहेबांना सांगितलं, रिकामी ओळ म्हणजे कचरा नव्हे, तुमच्याकडे असेल. साहेब शिंकले. पण नंतर त्यांनी कचेरीत भांडून त्या अकरा ओळींना 'नोंद उपलब्ध नाही' म्हणून मान्यता आणली. तेव्हापासून त्यांना मी चहा देते.

आता शेरे. परिपत्रकात नको होते, म्हणून काय टाकून द्यायचे? मी ठरवलं, मोठ्या फाईलमधून सगळे शेरे कापायचे आणि वेगळ्या फाईलमध्ये नीट ठेवायचे. बसून हुकूमनामा लिहिला. वरच्या ओळीवर जा. ओळीतला तिसरा स्वल्पविराम शोध. तिथून शेवटापर्यंत काप. खाली उतर. ओळी संपेपर्यंत हेच कर. (यावेळी 'संपेपर्यंत' विसरले नाही, तीनदा तपासलं.) मग मोठी फाईल सेव्ह करून बंद कर. मग नवी फाईल उघड. मग चिकटव. वाचायला किती सोपं आहे बघ. चूक सापडते का तुला? तू मास्तरीण, तुलाही सापडायची नाही. मला तर वाटलं, आपण शेंगा तोडतो तसंच हे. तोडत जायचं, पदरात टाकत जायचं, वाफ्याच्या शेवटी पोचलं की पदर ओतायचा. शेंगा तोडणारी बाई एकेका शेंगेला घरी जाते का? मला काय ठाऊक, त्या यंत्राला पदर नाही! त्याला आहे फक्त एक मूठ. मुठीत एका वेळी एक. दुसरं उचललं की पहिलं सोडून देतो, खाली पडलं का, कुठं पडलं, मागं वळून बघत नाही.

अकरा सेकंद लागले. मी मोजले, कारण बरं वाटत होतं. दुपारची वेळ, बाहेर ऊन पाण्यावर पडून छताला त्याच्या लहरी लागल्या होत्या आणि डोळा जड झाला होता. त्या अकरा सेकंदांत त्यानं बाबांचा एकेक शेरा उचलला आणि एकेक सोडला. डाव्या पायाची चप्पल वाहत आली होती ती, आणि दुसऱ्या दिवशीचं 'उजवी आली नाही', आणि तिसऱ्या दिवशीचं 'अजून नाही', आणि महिन्यानंतरचं 'उजवीची वाट बघणं सोडलं'. तू परगावी नोकरीला निघालीस तो दिवस. मी पहिल्यांदा एकटीनं पट्टी वाचली तो दिवस. सगळं गेलं. मग मोठी फाईल सेव्ह केली, बंद केली, नवी उघडली आणि चिकटवलं.

एक ओळ आली. 'पाणी स्थिर. चष्मा सापडला.' बाबांची शेवटची नोंद.

मला वाटलं, बाकीचे मागून येतायत. चौदा हजार आहेत, दारात गर्दी झाली असेल. थोडी वाट बघितली. मग पुन्हा चिकटव म्हटलं. 'पाणी स्थिर. चष्मा सापडला.' पुन्हा म्हटलं. तेच. ताई, मी हसले नाही आणि रडलेही नाही, मी नुसती कळ दाबत राहिले. पडदाभर झालं. पाणी स्थिर, चष्मा सापडला, पाणी स्थिर, चष्मा सापडला. हे दारात येऊन उभे राहिले आणि वाचून म्हणाले, 'किती वेळा सापडला?' मी वळून बघितल्यावर पंपघरात गेले आणि त्या दिवशी पंप आपणहून चालू केला.

साहेबांना फोन केला. ते स्वतः आले, शिंका न देता आले, त्यावरून काय ते समज. त्यांनी तासभर खटपट केली. केलेलं उलटं फिरवायची सोय असते म्हणे, पण फाईल बंद केली की एडिटर मागचं विसरतो. 'प्रत ठेवली होती का?' असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठेवली होती, 'जुनी' नावाची, तुम्हीच म्हणालात दोन-दोन फायली ठेवू नका, गोंधळ होतो, म्हणून पुसली. मग हळूच म्हणाले, 'बाई, मुठीतलं न सोडता वर आणखी घेत जायचा हुकूम असतो.' 'मग कागदावर का नाही लिहिला?' 'सहसा लागत नाही.' सहसा लागत नाही! मी त्यांना म्हटलं, साहेब, शब्द कमी शिकवलेत तर माणूस कमी शब्दांत काम भागवतं, आणि काय होतं ते हे. त्यांनी अकरावा हुकूम कागदाच्या तळाला लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि चहा न घेता गेले. चौथ्या दिवशी कचेरीचं पत्र आलं की आमच्या चौकीची फाईल सगळ्या चौक्यांत सर्वांत स्वच्छ निघाली, अभिनंदन. मी ते पत्र डब्याच्या बुडाशी घातलं, कागद चांगला जाड आहे.

आता तू म्हणशील, आठवून लिही. बसले होते. दोन दिवस खिडकीशी वही घेऊन बसले. नदीकडे बघत राहिलं की एखादा वर येतो, बुडालेली फांदी येते तसा, जरा दिसतो, हात घालेपर्यंत फिरून खाली. त्रेसष्ट आठवले. त्यातला एक ह्यांच्या मते बाबांचा नसून ह्यांचा स्वतःचा आहे, जेवताना केलेला. चपलेवरून तर आमचं भांडण झालं, हे म्हणतात डावी आली नव्हती, उजवी आली होती. आणि गंमत अशी, की स्वप्नात मात्र सगळे येतात. दुपारी पाठ टेकली की मी खालच्या पायरीवर असते, पाणी गुडघ्याला, आणि वरून ओळी वाहत येतात, बाबांच्या तिरक्या अक्षरात, ओल्या. मी पदर धरून उभी. एकेक येऊन पदरात पडते. भार लागतो हाताला, ताई, खरा भार. बाबा वरच्या पायरीवर छत्री टेकून उभे, एकदा वाकून पदरात डोकावतात आणि मान हलवतात, भाजी बरी निघाली म्हणताना हलवायचे तशी. मी वर यायला वळते तर पायऱ्या सत्तावीस नसतात. चौदा हजार असतात. मी चढत राहते, दम लागत नाही, गुडघा दुखत नाही, वाईट वाटत नाही. जाग येते ती ह्यांच्या घोरण्यानं. उठून बघते तर पदरात पाठकोरा कागद असतो, दहा हुकुमांचा. अकरांचा, असं म्हण आता.

असो. झालं ते झालं. फार मनाला लावून घ्यायचं नाही असं मी ठरवलंय आणि तूही घेऊ नकोस. शेवटी शेरे म्हणजे काय, म्हशी आणि चपला. कचेरीला नको होते, त्यात काही चूक नाही. नदी कुणाचा शेरा वाचून वाहत नाही. तुला कळवणं माझं काम, म्हणून कळवलं. उत्तराची घाई नाही. डोळ्यांना जप, थेंब वेळच्या वेळी घाल, उन्हात काळा चष्मा लाव. भावजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. एक राहिलं. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी तू निघालीस, त्याच्या आदल्या दुपारी मी पायऱ्यांवर होते. वर चौकीत प्रिंटर चालू झाला. तो आवाज पलीकडच्या काठाला जातो, मला नाही येणार? तुला वाटलं मी खाली आहे. खालीच होते, बसून ऐकत होते. तू प्रत मागितली होतीस आणि मी 'सरकारी कागद आहे, मिळणार नाही' म्हणून तोंडावर सांगितलं होतं. तर तू पाऊण तास सरकारी कागद छापलास. अर्धं रिम कमी भरलं आणि तुझी पेटी उचलताना हे म्हणाले, 'ताई जाताना जास्त का जड?' दोन वर्षं तुला पत्र टाकलं नाही ते याचमुळे, हात दुखतो म्हणून नव्हे. चोरी ती चोरी. पण चोरलंस ते बरं केलंस. शेऱ्यांसकट छापलं असशील, तुझा स्वभाव अर्धवट काही करायचा नाही. कचेरीनं आता शेरे पुन्हा मागितलेत, वीस तारखेच्या आत हवेत, फार निकडीचं आहे म्हणतात. तेव्हा तो गठ्ठा काढून ठेव.

ता. क. दुसरा. टपालानं पाठवू नकोस. टपाल भिजतं, आणि या घराण्याचे कागद भिजायला टपून बसलेले असतात. स्वतः घेऊन ये. हे बसथांब्यावर येतील, मी सांगून ठेवलंय. त्यांनी विचारलं 'कधी?' मी म्हटलं, येईल त्या दिवशी, रोज जाऊन उभे राहा. खालची खोली झाडली आहे. गादी उन्हात घातली आहे. अकरावा हुकूम मी बाजाराच्या यादीवर चालवून बघितला, एकही जिन्नस सोडला नाही. 'प्रत' नावाच्या तीन फायली करून ठेवल्यात, तिन्ही अजून रिकाम्या.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं, म्हणून डिंक जास्त दिसेल. कचेरीनं काही मागितलेलं नाही. त्यांना शेरे कुठं गेले हेही ठाऊक नाही. मलाच हवेत. आणि गठ्ठा तू परत ने, तुझाच आहे, मी हात लावणार नाही. तू फक्त समोर बसून वाच, मी टायपते. मात्र यावेळी मधेमधे रडायला थांबायचं नाही, सांगून ठेवते. मागच्या खेपेला आपले त्यात आठ दिवस गेले.